दमछाक शरीराची, उभारी मनाची

३.८ किलोमीटर पोहायचे, ओल्या अंगाने १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग ४२.२ किलोमीटर धावायचे. तेही साधारण १७ तासांत! १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर ही ‘आयर्नमॅन’ शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. आज काही स्पर्धक पदकापेक्षाही मानसिक आरोग्यसेवेला निधी मिळावा म्हणून हे आव्हान स्वीकारतात.

रीत सोपी आहे. नातेवाईक, शेजारी, सहकारी किलोमीटरमागे ठरावीक रक्कम कबूल करतात. एकूण अंतर सुमारे २२६ किलोमीटर. म्हणजे १० रुपये दराने एकाच देणगीदाराकडून २,२६० रुपये! मात्र प्रवेश शुल्क स्वतः भरावे, संस्थेची नोंदणी तपासावी आणि प्रत्येकाला पावती मिळेल हे पाहावे.

पैशाइतकाच मोलाचा असतो संवाद. ‘हा खटाटोप कशासाठी?’ असे कोणी विचारले, की नैराश्याचा विषय घरात उघडपणे निघतो. पाय मोडला तर धावपळ करणारे कुटुंब मन खचले की ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते.

व्यायामाने मनाला उभारी येते, पण तो उपचारांची जागा घेऊ शकत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. शर्यत प्रत्येकाला जमणार नाही; हा क्रमांक गरजवंताच्या हाती देणे मात्र सर्वांना जमेल.