अंगावर काढताना

आमच्या घरी औषधांसाठी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो उघडला की सरत्या पावसाळ्यातली सगळी आजारपणं बाहेर पडतात. तापाच्या गोळ्यांची अर्धी पाकिटं, दोनच गोळ्या उरलेलं अँटिबायोटिक, बाटलीच्या तळाशी घट्ट बसलेलं खोकल्याचं औषध. यातलं बरंचसं मेडिकलमधून ‘ताप आहे, काहीतरी द्या’ म्हणून आणलेलं. गोळी घ्यायची, कामाला लागायचं, बाकीचं अंगावर काढायचं. अंगावर काढणं हा आपल्याकडे गुण समजला जातो, घरातल्या बाईचा तर विशेषच. मला मात्र त्याची भीती वाटते.

डेंग्यूचंच पाहा. तीन-चार दिवस फणफणलेला माणूस एका सकाळी उठतो, अंग गार लागतं, घरचे सुस्कारा सोडतात. धोक्याचा काळ नेमका तेव्हा सुरू होऊ शकतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असताना, काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त दाट होतं, रक्तदाब घसरतो. हे एक-दोन दिवस निभावले की बहुतेकजण सुखरूप बाहेर पडतात. म्हणून ताप गेल्यावर पोटात जोरात दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, लघवी कमी झाली, माणूस एकदम गळून गेला किंवा अस्वस्थ झाला, तर सकाळ व्हायची वाट पाहू नये. तडक रुग्णालय गाठावं.

आपलं सगळं लक्ष असतं प्लेटलेट्सवर. आकडा खाली आला की नातेवाइकांचे फोन, पपईच्या पानांचा रस, रक्तपेढीकडे धाव. पण रक्तस्राव नसेल तर आकडा साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत डॉक्टर सहसा प्लेटलेट्स चढवत नाहीत. जीव बहुधा वाचतो तो योग्य वेळी, योग्य मापात दिलेल्या सलाइनने आणि डोळ्यांत तेल घालून ठेवलेल्या देखरेखीने.

डेंग्यूची शंका असताना अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, पण त्यालाही माप आहे. धडधाकट प्रौढ माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे ती जवळजवळ गाठलीच. वजन कमी असेल, दारूची सवय असेल किंवा यकृत आधीच दुखावलेलं असेल, तर मर्यादा आणखी खाली येते. शिवाय सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. दोन्ही एकदम घेणाऱ्याला आपण दुप्पट घेतोय हे कळतही नाही.

गुडघेदुखीच्या गोळ्यांचं, म्हणजे याच डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचं, दुखणं वेगळं. मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवणारी जी द्रव्यं शरीर बनवतं, त्यांनाच या गोळ्या अडवतात. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि जोडीला लघवीची गोळी चालू असेल, अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर मूत्रपिंड कोलमडू शकतं. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन आपली गिधाडं याच वाटेने जवळजवळ संपली. २००६ साली गुरांसाठीचं ते औषध बंद करावं लागलं. गिधाडाचं शरीर वेगळं, मान्य. तरी रोज सकाळी चहाबरोबर ती गोळी घेणारी आजी पाहिली की मला ती गिधाडं आठवतात.

खाज येते म्हणून आणलेल्या मिश्र मलमाचंही तेच. त्यातल्या स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते आणि गजकर्ण मात्र पसरत राहतो. उरलेली अँटिबायोटिक तर विषाणूच्या तापावर काहीच करत नाहीत. पाकिटावरची लाल रेघ त्यासाठीच आहे: चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

आणि दिवाळीत हमखास फराळावर ढकललं जाणारं एक दुखणं असतं. छातीवर दाब, घाम, दम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, कधी नुसतीच पोटाच्या वरच्या बाजूला जळजळ. ‘अ‍ॅसिडिटी झाली, चकल्या जास्त झाल्या.’ मधुमेहींना आणि बायकांना हृदयविकाराचा झटका पुष्कळदा असाच, फारसं न दुखता येतो. पहिला ईसीजी ठीक आला म्हणजे निभावलं, असंही नसतं. दुखणं चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ अडखळली, तर तो पक्षाघात असू शकतो; घड्याळ पाहावं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही आधी सीटी स्कॅन करून. डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, ‘शेवटचे नीट कधी होते?’ या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं, आणि तेच उत्तर घरात अनेकदा कुणाकडे नसतं. तेल चोळण्यात गेलेला एक तास परत मिळत नाही. २०१४पासून महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका आहे, ती बोलवावी.

यंदा डबा रिकामा केला. झाकणाच्या आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव, रोजच्या गोळ्या आणि त्यांचं माप, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी. आईच्या नावापुढे लिहायला बसलो तेव्हा कळलं, बीपीची गोळी ती दोन महिन्यांपासून एक दिवसाआड घेत होती. बरं वाटत होतं म्हणून.