गरजेपासून सुरू होणारा हिशेब

उद्योग काढावयाचा तो नफ्यासाठी आणि लोकसेवा करावयाची ती देणग्या जमवून, अशी एक वाटणी आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. तिच्यामुळे पेढीवरचा काटेकोरपणा धर्मादायाच्या वाट्याला येत नाही आणि धर्मादायामागची कळकळ पेढीकडे फिरकत नाही. ही वाटणी अमान्य करून, लोकांची एखादी निकडीची गरज भागविण्यासाठीच व्यवसाय उभारावयाचा आणि तरीही तो कोणापुढे हात न पसरता स्वतःच्या उत्पन्नावर चालवावयाचा, असा निश्चय कोणी केला तर तो कितपत तडीस जातो, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने तामिळनाडूतील मदुराई येथे १९७६ साली अवघ्या ११ खाटांनिशी सुरू झालेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा कारभार अभ्यासावा.

त्याचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे त्या वेळी ५८ वर्षांचे होते आणि सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. तरुणपणी प्रसूतिशास्त्रात प्रावीण्य मिळवावे अशी त्यांची मनीषा होती. परंतु संधिवाताने त्यांना असे काही जखडून टाकले की लेखणी धरणेही दुरापास्त झाले आणि हातांची बोटे कायमची वाकडी झाली. ती वाट बंद झाल्यावर त्यांनी नेत्रचिकित्सा पत्करली, त्याच वाकड्या बोटांत शस्त्र धरण्याचा चिकाटीने अभ्यास केला आणि आयुष्यभरात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. नोकरीच्या काळात खेडोपाडी शिबिरे घेताना त्यांना जे दिसले ते इतकेच, की मोतीबिंदूने आंधळी झालेली असंख्य माणसे लहानशा शस्त्रक्रियेने पुन्हा पाहू शकतील, पण ती शस्त्रक्रिया त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पेन्शनीत स्वस्थ बसण्याच्या वयात त्यांनी घर गहाण ठेवून पैसा उभा केला आणि नेत्रवैद्यच असलेल्या आपल्या भगिनी व मेहुणे यांना बरोबर घेऊन कामाला आरंभ केला.

त्यांच्या विचाराचे मर्म किमतीच्या प्रश्नात आहे. सामान्यतः उद्योजक प्रथम खर्च मोजतो, त्यावर आपला नफा चढवितो आणि जो आकडा निघेल तो ज्याला परवडेल तो आपला ग्राहक, असे धरून चालतो. वेंकटस्वामींनी आरंभ केला तो रोग्यापासून. ज्याला देणे शक्य आहे त्याने वाजवी शुल्क द्यावे, ज्याला नाही त्याने काहीही देऊ नये, आणि या मर्यादेत खर्च बसत नाही तोवर कामाची पद्धत बदलत राहावे, हा दंडक त्यांनी स्वतःला घालून घेतला. माझ्या मते नफ्याच्या शिस्तीपेक्षा ही शिस्त अधिक कठोर आहे. कारण तोट्यात आल्यावर दर वाढविण्याची जी पळवाट इतरांना मोकळी असते, ती येथे पहिल्या दिवसापासून बंद असते.

खर्च कसा उतरला हे शस्त्रक्रियागृहात उभे राहिले की कळते. तेथे दोन टेबले शेजारी शेजारी मांडलेली असतात. पहिल्यावर शस्त्रक्रिया चालू असतानाच दुसऱ्यावरील रोग्याला परिचारिका तयार करून ठेवतात, आणि पहिले काम संपताच सर्जन बसल्या जागी वळतो, सूक्ष्मदर्शकाचा दांडा त्याच्याबरोबर फिरतो, नवी उपकरणे हाती येतात व दुसऱ्या डोळ्यावर काम सुरू होते. या परिचारिका बहुतांशी खेड्यांतून निवडलेल्या मुली; संस्थेतच दोन वर्षे शिक्षण घेऊन त्या डोळ्यांच्या प्राथमिक तपासणीपासून पट्टी बांधण्यापर्यंतची सारी कामे सांभाळतात, आणि सर्जनने केवळ सर्जनलाच जे करता येते तेवढेच करावे अशी व्यवस्था असते. देशात एक नेत्रशल्यविशारद वर्षाकाठी सरासरी ४०० च्या आसपास शस्त्रक्रिया करतो, तेथे येथील सर्जन सुमारे २,००० करतो, आणि इमारत, यंत्रे व वेतन यांचा भार तितक्या अधिक रोग्यांवर विभागला जातो. ठरावीक पद्धतीने एकसारखे काम करून घेण्याची ही कल्पना आपण अमेरिकेतील मॅक्डोनाल्ड या खाद्यगृहांवरून घेतली, असे वेंकटस्वामी मोकळेपणाने सांगत.

मला सर्वांत थोर वाटते ती मात्र दुसरीच गोष्ट. आपल्या सरकारी कचेऱ्यांत गरिबीची सवलत मागणाऱ्याला तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात; अरविंदमध्ये शुल्क द्यावयाचे की नाही हे रोगी स्वतः ठरवितो आणि त्याला कोणी दाखला विचारीत नाही. शुल्क देणाऱ्याला स्वतंत्र खोली व अधिक सुखसोयी मिळतात, न देणाऱ्याला साधी चटई मिळते. पण डॉक्टर आळीपाळीने दोन्हीकडे काम करतात. निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात होतात, आणि त्यांचा खर्च शुल्काच्या जमेतूनच भागतो.

तरीही शिबिरात शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेले पुष्कळ लोक रुग्णालयात येतच ना. चौकशी केली तेव्हा असे उघडकीस आले की, बसभाडे, परगावी राहण्याजेवणाचा खर्च, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी आणि डोळ्याला शस्त्र लागण्याची भीती, एवढे सगळे त्या विनामूल्य शस्त्रक्रियेच्या आड उभे होते. तेव्हा संस्थेने रोग्यांना गाडीने आणण्याची, जेवू घालण्याची व परत पोहोचविण्याची व्यवस्था केली. गरज भागविणे म्हणजे काय याचा जो विचार करील त्याने हा प्रसंग विसरू नये. माल उत्तम आणि फुकट असूनही घेणाऱ्याच्या दारापासून तो किती दूर राहू शकतो, हे केवळ दुकानात बसून उमगत नाही.

पुढे अडचण आली ती भिंगाची. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत रूढ झाली, परंतु परदेशी भिंगाला १०० डॉलरच्या आसपास मोजावे लागत. त्यामुळे सधनाला भिंग आणि निर्धनाला जाड काचांचा चष्मा, असा भेद एकाच छपराखाली निर्माण झाला. तो चष्मा फुटला की शेतकरी पुन्हा आंधळा. १९९२ मध्ये संस्थेने ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला व सुमारे १० डॉलरला भिंग विकावयास सुरुवात केली. पुढे ही किंमत आणखी उतरली आणि आज शंभराहून अधिक देशांत तेथील माल जातो.

ही रीत सरसकट कोणत्याही धंद्याला लागू पडेल असे मी म्हणणार नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लहान, ठरावीक आणि बहुतेक वेळा यशस्वी होणारी असल्यामुळे ती टप्प्याटप्प्यांत वाटून देता येते. प्रत्येक रोगाचे तसे नाही. शिवाय ही संस्था विश्वस्त निधीची आहे. लाभांशाची वाट पाहणारे भागधारक तिच्यामागे नसल्यामुळे वाढावा उरला की तो नव्या खाटांत, नव्या गावांत घालता येतो. ज्याला असा व्यवसाय काढावयाचा आहे त्याने सनदेतच या शिलकेचा धनी कोण हे निश्चित करून ठेवावे; मागाहून ते ठरविणे फार कठीण जाते.

१९९२ मध्येच मदुराईला एक प्रशिक्षण संस्थाही स्थापन झाली. तेथे इतर नेत्ररुग्णालयांचे डॉक्टर, परिचारिका व व्यवस्थापक आपापल्या रुग्णालयाचे आकडे घेऊन येतात, शस्त्रक्रियागृहापासून जमाखर्चापर्यंत अरविंदचा सारा व्यवहार त्यांना उघडून दाखविला जातो, आणि परत जाताना ते आपल्या रुग्णालयासाठी नवी योजना आखून नेतात.