हिरव्या टोमॅटोच्या जागी काय?

सातारा-सांगलीकडच्या स्वयंपाकात हिरवा टोमॅटो मुख्यतः दोन रूपांत येतो. एक भाजी: लसूण-मोहरीची फोडणी, टोमॅटोच्या फोडी, हिरवी मिरची, दाण्याचे कूट आणि चवीपुरता गूळ. दुसरी चटणी: फोडी, मिरच्या आणि लसूण तेलावर परतून, भाजलेले शेंगदाणे किंवा तीळ घालून जाडसर वाटलेली, भाकरीशी खायची. दोन्हींत पिकलेला टोमॅटो घातला तर चव बदलते, आणि भाजीचा तर रस्साच होतो.

कच्च्या फळात पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात असते. फळ पिकू लागले की विकरे त्याचे तुकडे करतात आणि गर सैल पडतो. म्हणून हिरवी फोड परतल्यावरही आकार धरून राहते. चवही याच काळात पालटते. कच्च्या फळात मॅलिक आम्लाचा वाटा मोठा असतो. पिकताना तो घटतो, साखर वाढते आणि ग्लुटामेटही वाढते. टोमॅटोला मटणाच्या रश्श्यासारखा खमंग भरदारपणा येतो तो या ग्लुटामेटमुळे. हिरव्यात तो तुटपुंजा असतो. चटणीतले भाजलेले दाणे आणि तीळ ही उणीव भरून काढतात, गूळ साखरेची. दाणे-तीळ वगळून केलेली हिरव्या टोमॅटोची चटणी नुसतीच आंबट लागते, ती यामुळे.

चटणी शिजता शिजता मेंदी रंगाची होते. उष्णता आणि आम्ल यांमुळे हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो, त्याचा हा परिणाम. चिमूटभर सोडा घातल्यास रंग टिकतो खरा, पण क जीवनसत्त्व अधिक नष्ट होते आणि फोडी गिळगिळीत होतात. तो सौदा परवडणारा नाही.

कच्च्या टोमॅटोत टोमॅटिन नावाचा कडवट पदार्थ असतो. अगदी कोवळ्या हिरव्या फळात तो किलोमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत भरतो. पिकलेल्यात ५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. शिजवल्याने तो फारसा जात नाही. मात्र आतड्यात तो कोलेस्टेरॉलशी बांधला जातो आणि रक्तात कमीच शोषला जातो, त्यामुळे जेवणातल्या वाटीभर भाजीची धास्ती घेण्याचे कारण नाही. पानेदेठ टाकावेत, आणि गोटीएवढी कोवळी फळे भाजीला घेऊ नयेत. निवड सोपी आहे: फळ आडवे कापल्यावर बियांभोवती बुळबुळीत गर दिसला आणि सुरीने बिया न कापता बाजूला सरकल्या, तर फळ पूर्ण वाढलेले आहे. असे फळ झाडावरून काढल्यावरही पिकते. केळ्याबरोबर झाकून ठेवले तर लवकर, कारण केळ्यातून इथिलीन वायू सुटतो. कोवळे फळ मात्र नुसते सुरकुतते. फ्रिजमध्ये पिकणे थांबते. माण-खटावच्या उन्हाळ्यात उलट अडचण येते: ३० अंशांच्या वर तांबडा रंग देणारे लायकोपीन नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-नारिंगी राहते.

हिरवा टोमॅटो मिळाला नाही, तर त्याच्याऐवजी काय, हा प्रश्न आंबटपणापुरता पाहिला की फसगत होते. टोमॅटोत आम्ल जेमतेम अर्धा टक्का असते आणि पाणी ९४ टक्क्यांच्या घरात. लिंबाच्या रसात आम्ल ५ ते ६ टक्के, चिंचेच्या गरात टार्टरिक आम्ल त्याहूनही अधिक. म्हणजे चमचाभर लिंबूरस वाटीभर टोमॅटोचे आम्ल देतो, पण फोड देत नाही. ती दुधी किंवा कोवळ्या दोडक्याकडून घ्यावी लागते. चिंच रंग काळपट करते. घाटाखालून येणारे आमसूल जांभळी छटा देते, म्हणून डाळीला ठीक, हिरव्या चटणीला नाही. सर्वांत जवळची बदली चैत्रातली कैरी: मॅलिक आणि सायट्रिक आम्ल, पेक्टिन, घट्ट गर, सगळे एकाच फळात. ती लवकर विरघळते, एवढे सांभाळावे. आणि आंबट काहीही असो, डाळ शिजल्यावरच घालावे. आम्लात पेक्टिन टणक राहते आणि डाळ बोटचेपी होत नाही.

रूप पाहून केलेली बदली तर आणखी फसवी. मेक्सिकोतल्या हिरव्या साल्साचे मुख्य फळ टोमाटिलो. ते कागदी वेष्टनात येते आणि महाबळेश्वर-पाचगणीला विकल्या जाणाऱ्या गूजबेरीचे जवळचे भावंड आहे. पण पिकलेली गूजबेरी गोड असते आणि कच्ची खाण्यास योग्य नसते. साल्साला उपयोगी पडतो तो दूरच्या नात्यातला हिरवा टोमॅटोच, वर थोडे लिंबू पिळून. मिरची आणि कोथिंबीर घरचीच.

हीच बदली उलट्या दिशेनेही चालते. अमेरिकेतल्या मराठी घरांना हिरवा टोमॅटो दुकानात सहज मिळत नाही, टोमाटिलो मिळतो. त्याचे वेष्टन काढून सालीवरचा चिकट थर कोमट पाण्याने धुवावा. तो अधिक आंबट असतो आणि शिजल्यावर लवकर गळतो. त्यामुळे आधी फोडी मोठ्या आचेवर परतून पाणी आटवावे, दाण्याचे कूट नेहमीपेक्षा वाढवावे आणि गूळ शेवटी चव पाहून घालावा.