लॅक्स्टनचं शिवार

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये, शेरवुडच्या जुन्या जंगलाच्या पूर्वेला, जड चिकणमातीच्या टेकाडांवर लॅक्स्टन हे गाव वसलं आहे. १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनमोजणीच्या दप्तरात त्याची नोंद सापडते. पुढे शेरवुडच्या वनरक्षकांचं ठाणं इथे होतं. त्यांचा किल्ला कधीच गेला, गावाच्या उत्तरेला मातीचा उंचवटा तेवढा उरला. शिवार मात्र टिकलं, आणि तेच या गावाचं खरं वैभव.

मध्ययुगात मध्य इंग्लंडमधली बहुतेक गावं अशीच कसली जात. गावाभोवती मोठी, बिनकुंपणाची शेतं आणि त्यांत प्रत्येक कुळाचे विखुरलेले पट्टे. लॅक्स्टनमध्ये वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन शेतं आजही आहेत. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पड. दरवर्षी पाळी बदलते. जमीन चारी दिशांना विखुरलेली असल्यामुळे कुणी शेतावर घर बांधलं नाही. शेतकऱ्यांचे वाडे गावातल्या रस्त्याच्या कडेलाच ओळीने उभे राहिले.

१६३५ साली सर विल्यम कोर्टन या जमीनदाराने मार्क पिअर्सकडून गावाचा नकाशा करून घेतला. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात तो जपलेला आहे. त्यात पट्टा न् पट्टा आखलेला आहे, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी माणसंही चितारलेली आहेत. जमिनीसोबत ती कसणाऱ्यांनाही जागा देणारा हा नकाशा मला फार मोलाचा वाटतो.

मग कुंपणांचा काळ आला. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने पाच हजारांहून अधिक कायदे करून सामायिक जमिनी खाजगी केल्या. लहान शेतकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे हक्क त्यात बुडाले. लॅक्स्टनमध्येही काही भागाला कुंपण पडलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्ल मॅन्व्हर्स या जमीनदाराने पट्टे एकत्र करून त्यांची संख्या घटवली. तरी तीन शेतांचा गाभा वाचला. गावातल्या दोन बड्या जमीनदारांचं आपसांत जमलं नाही, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं.

एवढ्यावर शिवार टिकलं नसतं. ते राखलं ‘कोर्ट लीट’ या गावच्या न्यायसभेने. हिवाळ्याच्या तोंडाशी शेतकऱ्यांची ज्युरी गव्हाचं शेत फिरते, हद्दीच्या खुंट्या ठोकते आणि वाटेवर किंवा गवताच्या राखीव पट्ट्यावर नांगर कुणी घातला का ते पाहते. आठवड्याभराने डव्हकोट इन या गावातल्या पबमध्ये सभा भरते, आगळीक करणाऱ्याला दंड होतो. १९७७च्या कायद्याने अशा जुन्या न्यायसभांचे न्यायाधिकार संपवले, पण लॅक्स्टनच्या सभेचा शिवाराचा कारभार पाहण्याचा अधिकार शाबूत ठेवला.

मालकी मात्र बदलत राहिली. १९५२ साली अर्लच्या घराण्याकडून गाव सरकारच्या कृषी खात्याकडे गेलं, १९८१ साली क्राउन इस्टेटकडे. २०२० साली ते थॉर्सबी इस्टेटने, म्हणजे त्याच जुन्या घराण्याच्या वारसांनी, विकत घेतलं. मालक कुणीही असो, या शिवाराचा कारभार ते कसणाऱ्यांच्याच हाती राहिला पाहिजे.