छावणीतून आलेले पत्र

मुलांनो, मागे वर्गात तुम्ही आजी-आजोबांना पत्रे लिहिलीत, तेव्हा "काय लिहू?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने विचारला. म्हणून या वेळी आम्ही पत्रे लिहिणाऱ्या काही मोठ्या मुलांची माहिती देत आहोत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाला पुष्कळ वैमानिक हवे होते. भरती झालेल्यांत कितीतरी जण जेमतेम वीस वर्षांचे. शिक्षणाचे प्राथमिक, मध्यम आणि प्रगत असे तीन टप्पे असत. पहिल्या टप्प्यात बऱ्याच जणांना स्टीअरमन नावाचे, वरून उघडे विमान मिळे. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी पुढे-मागे बसत. शिक्षकाचे बोलणे एका नळीतून विद्यार्थ्याच्या कानात येई. विद्यार्थ्याला उलट बोलायची मात्र सोय नव्हती! काही तासांच्या सरावानंतर एक दिवस शिक्षक खाली उतरत आणि त्याला एकट्याला वर पाठवत.

मग घरी पत्र जाई. एप्रिल १९४२ पासून सैनिकांना टपाल फुकट होते. पाकिटावर तिकिटाच्या जागी हाताने 'फ्री' असे लिहिले की झाले.

पत्रात काय असे? जेवण, हवा, खोलीतले मित्र, "काळजी करू नका". वाचून वाटेल, मुले मजेत होती. पण जुलै १९३९ ते ऑगस्ट १९४५ या काळात सुमारे १,९३,००० जण वैमानिक झाले, तर सुमारे १,२४,००० जणांचे शिक्षण मधेच थांबले. युद्धाच्या वर्षांत प्रशिक्षणात आणि इतर उड्डाणांत, अमेरिकेतल्या अमेरिकेतच, सुमारे १५,००० हवाई सैनिक अपघातांत मरण पावले. सकाळी शेजारच्या खाटेवरचा मित्र गेला, हे आईला कसे लिहायचे? म्हणून मुले जेवणाबद्दल लिहीत.

यात खोटेपणा होता असे आम्हांला वाटत नाही. घरच्यांनाही धोका ठाऊक होता. त्यांना हवी होती ती ओळखीच्या अक्षरातली चार वाक्ये आणि वरची तारीख. त्या तारखेला आपला मुलगा सुखरूप होता, एवढे तरी त्यातून कळे.

तेव्हा पुढच्या वेळी काही सुचले नाही, तर आज काय जेवलात ते लिहा. आजीला ते पुरेल. फक्त वर तारीख घालायला विसरू नका!