चॉकलेट साच्याला का चिकटते?



गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या धाकट्या मुलीने घरी चॉकलेट करण्याचा घाट घातला. तिने चॉकलेटची मोठी वडी वितळवली, फुलापानांच्या प्लॅस्टिकच्या साच्यात ओतली आणि साचा फ्रिजमध्ये ठेवला. तासाभराने पाहते तो चॉकलेट साच्याला घट्ट चिकटलेले! खरवडून काढलेले तुकडे मऊ आणि निस्तेज होते. चार दिवसांनी त्यांच्यावर पांढुरके डाग उमटले. बुरशी आली असे समजून आम्ही ते टाकून दिले. मुलगी म्हणाली, "बाबा, मूळची वडी चकचकीत होती, कटकन मोडत होती. मी त्यात काहीच मिसळले नाही. मग ते बिघडले कसे?"

प्रश्न अगदी योग्य होता. पदार्थ तोच राहिला होता. बदलली होती ती त्याच्या रेणूंची रचना.

चॉकलेटमध्ये कोकोचे व साखरेचे अतिशय बारीक कण असतात. त्यांना धरून ठेवते ते कोको बटर. नावात 'बटर' असले तरी त्याचा दुधाशी संबंध नाही. ती कोकोच्या बियांतील चरबी होय. चरबी गोठताना तिचे स्फटिक बनतात. तुमच्या घरचे तूप आठवा. कढवलेले तूप सावकाश निवले तर छान रवाळ होते. घाईने गार केले तर तसा रवा पडत नाही. तूप तेच, पण स्फटिक निराळे.

कोको बटरची गोष्ट याहून मजेची आहे. त्याचे रेणू सहा निरनिराळ्या प्रकारे रचले जाऊ शकतात, असे १९६६ साली विले आणि लटन या संशोधकांनी दाखवून दिले. कार्बनचेच हिरा आणि ग्रॅफाइट बनावेत, तसे हे. या सहा रूपांचे द्रवणांक अनुक्रमे सुमारे १७, २३, २५.५, २७, ३४ आणि ३६ अंश सेल्सिअस आहेत. आपल्याला हवे असते पाचवे रूप. त्यात रेणू दाटीवाटीने बसतात. त्यामुळे चॉकलेट गोठताना किंचित आकुंचन पावते आणि साच्यापासून आपोआप सुटते. ते खोलीत घट्ट राहते आणि ३७ अंशांच्या तोंडात विरघळते, तेही याच रूपामुळे. घाईने गार केलेल्या चॉकलेटमध्ये मात्र पहिली चार, कच्ची रूपे तयार होतात. ती नीट आकसत नाहीत, म्हणून साचा सोडत नाहीत. पुढे त्यांतील चरबी हळूहळू पृष्ठभागावर येऊन गोठते. तेच ते पांढरे डाग! बोटाने चोळल्यास ते विरघळतात. बुरशी अशी विरघळत नाही. म्हणजे आम्ही टाकलेले चॉकलेट खाण्यास योग्यच होते.

मग फक्त पाचवे रूप कसे मिळवायचे? आकडे पुन्हा पाहा. चौथे रूप २७ अंशांना वितळते, पाचवे ३४ ला. म्हणजे ३१-३२ अंशांना कच्चे स्फटिक टिकू शकत नाहीत, पण पाचव्या रूपाचे टिकतात. शिवाय दह्याला विरजण लावतो तसे थोडे 'तयार' स्फटिक आधीच घातले, तर बाकीचे रेणू त्यांच्यावर त्याच रचनेत बसत जातात. येथे जंतूंचे काम नाही, एवढाच फरक.

आता प्रयोग करून पाहा. मोठ्यांना सोबत घ्या.

वेष्टनावर 'कोको बटर' असे घटक लिहिलेले ३०० ग्रॅम गडद चॉकलेट घ्या. 'कंपाउंड' चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्याला हा खटाटोप लागत नाही. चॉकलेट बारीक चिरून १०० ग्रॅम बाजूला ठेवा. उरलेले कोरड्या भांड्यात घालून गरम पाण्यावर धरा व ४५ अंशांपर्यंत तापवा. पाण्याचा थेंबही आत पडू देऊ नका. साखर ओलसर होऊन सारे चॉकलेट गोळा होते. तापमापक स्वयंपाकघरातला घ्या. प्रयोगशाळेतला अन्नात घालू नये, आणि तापाचा तापमापक येथे उपयोगी पडत नाही.

यातले दोन चमचे साच्याच्या दोन खळग्यांत ओता. हा नमुना 'अ'. उरलेल्या चॉकलेटमध्ये बाजूला ठेवलेला चुरा थोडा थोडा घालत, सतत ढवळत, तापमान ३१-३२ अंशांवर आणा. हा नमुना 'ब' दुसऱ्या खळग्यांत ओता. साचा ओट्यावर हलकेच आपटा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातील. गार जागी ठेवा. घट्ट झाल्यावर साचा उलटा करा. 'ब' टपकन पडेल, चकाकेल आणि कटकन मोडेल. 'अ' चे काय होते, ते वहीत नोंदवा.

ढवळण्याचे हे महत्त्व आपल्या कोल्हापूरच्या गुळव्याला ठाऊक असते. सुमारे ११८ अंशांपर्यंत आटवलेला रस तो काहिलीतून वाफ्यात ओततो, निवत असताना घोटतो आणि कण धरू लागल्यावरच साच्यात भरतो. तेथे स्फटिक साखरेचे, येथे चरबीचे.

हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी करावा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ३५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा नीट जमलेले चॉकलेटही दुपारी वितळते, रात्री पुन्हा गोठते आणि पांढरे पडते. असे का होते, हे आता तुम्हीच वर्गात सांगू शकाल.