शरीराचे वाढते वजन आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग



देवस्थानाच्या या पानावर आपण उत्सवांच्या सूचना व धार्मिक लेख वाचता. आज विषय निराळा आहे. आमच्या महाप्रसाद व्यवस्थेत अनेक वर्षे सेवा करणारे एक ज्येष्ठ सेवेकरी गतवर्षी झपाट्याने बारीक झाले. त्यांचे पोट पूर्वी बरेच सुटलेले असे. "काका, प्रकृती छान उतरली!" असे म्हणून आम्ही सर्वांनी त्यांचे कौतुक केले. शौचावाटे रक्त जाते, असे त्यांनी एक-दोनदा संकोचाने सांगितले, तेव्हा "मूळव्याध असेल, तिखट कमी करा" असा सल्लाही आम्हीच दिला. निदान झाले ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे, आणि तेही उशिरा. काका उपचार घेत आहेत. त्यांच्याच इच्छेनुसार, त्यांचे नाव न देता, हा लेख लिहीत आहोत.

मोठे आतडे व मलाशय यांचा कर्करोग जगात सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत तिसऱ्या, तर मृत्यूंच्या संख्येत दुसऱ्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे १९ लाख लोकांना तो झाला व सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमी आहे. परंतु आपली राहणी बदलत असल्याने निश्चिंत राहणे योग्य नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. शरीरातील जादा चरबी टाळल्यास तेरा प्रकारच्या कर्करोगांचा धोका कमी होतो, असा निष्कर्ष तिने काढला. त्या तेरांत मोठे आतडे व मलाशय यांचा समावेश आहे. वजन योग्य असलेल्यांच्या तुलनेत अतिस्थूल व्यक्तींमध्ये हा धोका सुमारे १.३ पट आढळला. म्हणजे असे की, योग्य वजनाच्या हजार लोकांपैकी दहा जणांना हा रोग होतो असे धरले, तर अतिस्थूल हजार लोकांत तो सुमारे तेरा जणांना होईल. स्थूल माणसास कर्करोग होतोच असे नाही आणि सडपातळ माणूस सुरक्षित असतो असेही नाही. परंतु धोक्याच्या ज्या कारणांवर आपला काही ताबा चालतो, त्यांपैकी हे एक आहे. हा संबंध स्त्रियांपेक्षा पुरुषांत आणि मलाशयापेक्षा मोठ्या आतड्यात अधिक स्पष्ट दिसतो.

पोटाच्या चरबीचा आतड्याशी संबंध काय, असा प्रश्न साहजिक आहे. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती रक्तात अनेक द्रव्ये सोडीत असते. पोटाच्या आतील चरबी वाढली की शरीराच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग शरीर अधिक इन्सुलिन तयार करते. हे जादा इन्सुलिन व त्याच्या जातीची वाढीस चालना देणारी द्रव्ये आतड्याच्या अस्तरातील पेशींना वाढण्याची सूचना देत राहतात. शिवाय चरबीमुळे शरीरात मंद पण सततचा दाह राहतो आणि त्यात पेशींची हानी होते. अशा पेशींपासून अस्तरावर प्रथम लहान अंकुर उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचे मात्र कर्करोगात रूपांतर होते, आणि त्याला बहुधा दहा वा अधिक वर्षे लागतात. हा दीर्घ काळ हीच आपली संधी होय. पॉलिप वेळीच सापडला तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो.

येथे काकांच्या बाबतीत आमची जी चूक झाली, तिचा उलगडा होतो. रोग जडल्यावर वजन आपोआप घटू लागते. म्हणून निदानाच्या वेळी रुग्ण स्थूल दिसेलच असे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका मोठ्या अभ्यासात रुग्णांचे निदानाच्या आठ ते दहा वर्षे आधीचे वजन विचारात घेतले, तेव्हा स्थूलतेशी असलेला संबंध ठळक दिसला. निदानाच्या वेळचे वजन पाहिले असता तो दिसेना. प्रयत्नाने उतरवलेले वजन आणि आपोआप घटलेले वजन यांत म्हणून मोठे अंतर आहे. पहिल्याचे कौतुक करावे; दुसऱ्याची चौकशी करावी.

आपले वजन योग्य आहे का, हे घरीही पाहता येते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीयांसाठी हा आकडा २३ च्या आत असावा, असे तज्ज्ञ सांगतात. पाश्चात्त्यांसाठी ती मर्यादा २५ आहे. उदाहरणार्थ, १६५ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे ६२ किलोपर्यंत असावे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत हवा.

आम्हा इंदूरकरांची सकाळ पोहे-जिलबीने उजाडते आणि रात्र सराफ्यात मावळते. उपवासही साबुदाणा, शेंगदाणे व तुपात बुडालेला असतो; 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. सणाचा गोडवा सोडा, असे आमचे म्हणणे नाही. पण रोजच्या ताटात भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या व फळे वाढावीत. तळण व साखर कमी करावी. कोंडायुक्त अन्न व नियमित चालणे यांनी या कर्करोगाचा धोका घटतो. मद्य व तंबाखू यांनी तो वाढतो. प्रसाद कणभर घेतला तरी तो प्रसादच असतो. दुसऱ्यांदा मागून घेतल्याने पुण्य वाढत नाही.

शौचात रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारणाविना घटणारे वजन, पंडुरोग किंवा सततची पोटदुखी यांपैकी काही आढळल्यास लाज न बाळगता डॉक्टरांकडे जावे. मूळव्याध आहे की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे. आपल्या देशातील शासकीय कर्करोग तपासणी कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांचा समावेश आहे, मोठ्या आतड्याचा नाही. त्यामुळे येथे आपणच जागरूक राहणे अगत्याचे आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि आई-वडील वा भावंडांपैकी कोणास हा रोग झाला असल्यास त्याआधीच, मलातील अदृश्य रक्ताच्या तपासणीबद्दल किंवा कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे.

विश्वस्त मंडळाच्या ठरावानुसार मंदिर कार्यालयात वजनकाटा व मोजपट्टी ठेवण्यात आली असून सकाळच्या आरतीनंतर कोणासही त्यांचा विनामूल्य उपयोग करता येईल. महाप्रसादात यापुढे एक उसळ व कोशिंबीर नित्य राहील. ही सूचना काकांचीच आहे.

श्रींच्या कृपेने सर्वांस आरोग्य लाभो, ही प्रार्थना.

विश्वस्त मंडळाच्या वतीने,
कार्यवाह